पाच जण, पंचेचाळीस मिनिटं

बास्केटबॉलच्या सामन्यांचे आकडे वाचायची ज्यांना सवय आहे, त्यांच्या हातात २३ मार्च १९६३ च्या रात्रीचा तक्ता दिला तर ते आधी छपाईची चूक शोधतील. शिकागोच्या लोयोला विद्यापीठानं बास्केटवर ८४ वेळा चेंडू टाकला, त्यातला २३ वेळा आत गेला. सिनसिनाटी विद्यापीठानं ४५ वेळा टाकला, २२ वेळा आत गेला. टक्क्यांत सांगायचं तर २७.४ विरुद्ध ४८.९. सत्तावीस टक्के म्हणजे चारातले जवळजवळ तीन वाया. असं खेळणाऱ्या पोरांना कोच दुसऱ्या दिवशी पहाटेच मैदानावर बोलावतो. पण तक्त्याच्या तळाशी निकाल आहे तो असा: लोयोला ६०, सिनसिनाटी ५८, जादा वेळेत. आणि हा काही आंतरशालेय सामना नव्हता. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचं राष्ट्रीय अजिंक्यपद ठरवणारा हा अंतिम सामना होता, केंटकी राज्यातल्या लुइव्हिल शहरात, १९,१५३ प्रेक्षकांसमोर.

कोडं सुटायला बेरीज-वजाबाकी पुरते. तेव्हा मैदानातून कुठूनही टाकलेल्या बास्केटला दोनच गुण मिळत. तेवीस दुणे सेहेचाळीस, बावीस दुणे चव्वेचाळीस. उरले फ्री थ्रो, म्हणजे समोरच्याच्या फाउलमुळे मिळालेले एकेका गुणाचे नेम. ते दोन्ही संघांचे चौदा-चौदा. फरक एका बास्केटचा. खरा प्रश्न वेगळाच आहे: एका संघाला ३९ नेम जास्त मिळालेच कसे? बास्केटबॉलमध्ये एकानं बास्केट केली की चेंडू दुसऱ्याकडे जातो. आळीपाळीनं चालणाऱ्या खेळात संधी साधारण सारख्याच यायला हव्यात.

सारख्या येत नाहीत याची कारणं दोन. पहिलं म्हणजे नेम न धरताच चेंडू गमावणं: चुकीचा पास, हातातून निसटलेला चेंडू, प्रतिस्पर्ध्यानं मारलेली झडप. त्या रात्री सिनसिनाटीनं असा चेंडू १६ वेळा गमावला, लोयोलानं फक्त ३ वेळा. दुसरं म्हणजे आपलाच चुकलेला नेम कड्यावर आपटून परत येताना आपल्याच माणसानं उडी मारून झेलणं. याला आक्रमणातला रिबाउंड म्हणतात. लोयोलाचे नेम चुकत होते, पण चुकलेला चेंडू पुन्हा त्यांच्याच हातात येत होता. मग पुन्हा नेम, पुन्हा चूक, पुन्हा उडी. बघायला हा खेळ देखणा नाही. त्या सामन्याची कृष्णधवल फिल्म लावून बसलो तेव्हा पहिली वीस मिनिटं मला लोयोलाच्या पोरांची कीव येत होती.

पुढचं कळण्यासाठी त्या काळचे नियम थोडे बघायला हवेत, कारण आजचे नियम डोक्यात ठेवून हा सामना पाहिला तर काहीच उलगडत नाही. तीन गुणांची रेषा नव्हती. कॉलेज बास्केटबॉलमध्ये ती देशभर लागू झाली १९८६-८७ च्या हंगामापासून. पंधरा गुणांची पिछाडी आज पाच लांबच्या नेमांत भरून काढता येते, तेव्हा आठ बास्केट लागत. दुसरं, शॉट क्लॉक नव्हतं. व्यावसायिक खेळाडूंना १९५४ पासून चोवीस सेकंदांत नेम धरावा लागत होता, पण कॉलेजच्या पुरुष संघांवर वेळेचं बंधन आलं ते १९८५-८६ मध्ये. तोवर आघाडीवर असलेला संघ चेंडू आपसांत फिरवत हवा तितका वेळ काढू शकत असे. हल्ली फुटबॉलमध्ये संघ शेवटची दहा मिनिटं कोपऱ्यात जाऊन काढतात तसंच, फक्त इथं ते पाऊण सामनाभर चालू शके. तिसरा नियम जंप बॉलचा. दोघांनी एकाच वेळी चेंडू घट्ट धरला तर आज चेंडू आळीपाळीनं एकेका संघाला दिला जातो. तेव्हा पंच त्या दोघांना समोरासमोर उभं करून चेंडू वर उडवत, आणि जो आधी टोलवेल त्याच्या संघाकडे तो जाई. प्रत्येक वेळी. हा तिसरा नियम लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आणि जादा वेळ. वीस-वीस मिनिटांच्या दोन सत्रांनंतर बरोबरी असेल तर आणखी पाच मिनिटं. तरीही बरोबरी असेल तर आणखी पाच. १९५७ च्या अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायना आणि कॅन्सस यांना अशी तीन जादा सत्रं खेळावी लागली होती, आणि निकाल लागला ५४-५३. चौकार मोजून विजेता ठरवण्याची वेळ या खेळात येत नाही, हे २०१९ चा लॉर्ड्‌सचा क्रिकेट अंतिम सामना पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको.

सिनसिनाटीला जादा वेळ नवी नव्हती. १९६१ मध्ये ओहायो स्टेटला त्यांनी जादा वेळेतच ७०-६५ असं हरवून पहिलं अजिंक्यपद घेतलं होतं, १९६२ मध्ये त्याच संघाला हरवून दुसरं. गंमत अशी की ऑस्कर रॉबर्टसनसारखा अफाट खेळाडू १९६० पर्यंत त्यांच्याकडे होता तेव्हा त्यांना हे पद कधी मिळालं नाही. तो गेला, एड जकर हे नवे कोच आले, त्यांनी खेळाचा वेग उतरवला, बचावावर भर दिला, आणि ओळीनं दोन वर्षं ते राष्ट्रीय विजेते झाले. १९६३ च्या हंगामात त्यांच्याविरुद्ध प्रतिस्पर्ध्यांना सामन्यामागे सरासरी ५३ गुणसुद्धा करता आले नव्हते. अंतिम सामन्यात ते उतरले ते २६ विजय आणि एकच पराभव घेऊन, तोही एका गुणानं झालेला.

समोर लोयोला. हे नाव मराठी वाचकाच्या कानावरून गेलेलं असतं: पुण्यात पाषाणला या नावाची शाळा आहे, आणि जुन्या गोव्यात ज्यांचं शव जपून ठेवलं आहे ते फ्रान्सिस झेवियर हे इग्नेशियस लोयोलांचे सुरुवातीचे सोबती. त्याच जेझुइट पंथाचं हे शिकागोतलं विद्यापीठ. तिथले कोच जॉर्ज आयर्लंड यांचा खाक्या जकर यांच्या उलटा: पळा, झडप घाला, चेंडू मिळाला की नेम धरा. त्या हंगामात सामन्यामागे सरासरी ९१.८ गुण करून लोयोला देशात पहिली होती. स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत त्यांनी टेनेसी टेकचा १११-४२ असा धुव्वा उडवला होता. ६९ गुणांचा तो फरक या स्पर्धेतला विक्रम ठरला. देशातलं सर्वांत धारदार आक्रमण विरुद्ध सर्वांत चिवट बचाव, अशी वृत्तपत्रांना आवडणारी जोडी जमली होती.

पण त्या वर्षी लोयोलाबद्दल बोललं जात होतं ते फक्त गुणांमुळे नव्हे. त्यांच्या सुरुवातीच्या पाचांत चार कृष्णवर्णीय होते. कर्णधार जेरी हार्कनेस आणि रॉन मिलर न्यू यॉर्कचे, लेस हंटर आणि व्हिक राऊज नॅशव्हिलचे. पाचवा जॉन एगन, शिकागोचाच, पाच फूट दहा इंचांचा गोरा मुलगा.

कॉलेज संघात कृष्णवर्णीय खेळाडू घेण्यावर उत्तरेत कुठला नियम नव्हता. होता तो हिशेब. घरच्या मैदानावर दोन, बाहेर गेलात तर तीन, आणि हरायला लागलात तर चार, असं कोच मंडळी अर्धं थट्टेत, अर्धं खरं बोलत. कागदावर कुठंही नाही, सगळ्यांना तोंडपाठ. असल्या नियमांचं कसब आपल्याकडे समजावून सांगावं लागत नाही. एका गावात दोन पाणवठे कुठल्या कायद्यानं ठेवले होते? आयर्लंड यांनी हा हिशेब बाजूला सारला. २९ डिसेंबर १९६२ ला वायोमिंगविरुद्धच्या सामन्यात तर त्यांनी पाचही कृष्णवर्णीय खेळाडू एकाच वेळी मैदानात उतरवले. पहिल्या श्रेणीच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये हे तोवर झालं नव्हतं. ते समाजसुधारक होते म्हणून हे केलं, असं काही मला वाटत नाही. त्यांना जिंकायचं होतं, आणि ज्या मुलांना इतर कोच मोजून घेत होते ती त्यांना न मोजता मिळत होती.

हंटर आणि राऊज शिकागोला कसे आले ते पाहा. दोघंही नॅशव्हिलच्या पर्ल हायस्कूलचे. ही कृष्णवर्णीय मुलांसाठीची वेगळी शाळा होती. त्याच शहरात व्हॅंडरबिल्ट विद्यापीठ आहे, साउथईस्टर्न कॉन्फरन्स या दक्षिणेतल्या बड्या विद्यापीठांच्या गटातलं. पण १९६० च्या सुमारास या गटातल्या कुठल्याही बास्केटबॉल संघात कृष्णवर्णीय मुलाला जागा नव्हती. तेव्हा शहरातल्या शहरात शिकण्याऐवजी सहा फूट सात इंचांचा हंटर आणि त्याचा मित्र उत्तरेला गेले. व्हॅंडरबिल्टच्या मुख्य संघाचं दार पुढं १९६७ मध्ये उघडलं, पेरी वॉलेस या खेळाडूसाठी. त्या गटात मुख्य संघातून बास्केटबॉल खेळलेला पहिला कृष्णवर्णीय मुलगा तो. त्याची शाळा? पर्ल हायस्कूलच.

हार्कनेसची गोष्ट निराळी. शाळेच्या संघात तो खेळला फक्त शेवटच्या वर्षी. हार्लेमच्या वायएमसीएत खेळताना त्याला पाहून एका पाहुण्यानं सांगितलं होतं की या खेळाच्या जोरावर तुला कॉलेजात जाता येईल. तो पाहुणा म्हणजे जॅकी रॉबिन्सन, आधुनिक काळातल्या मोठ्या लीगमध्ये बेसबॉल खेळलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. असा माणूस सांगतो तेव्हा पोरगं ऐकतं.

दक्षिणेत खेळायला जाणं लोयोलासाठी शिक्षाच होती. आदल्या हंगामात न्यू ऑर्लिन्सला गेल्यावर कृष्णवर्णीय खेळाडूंना संघाबरोबर हॉटेलात राहू दिलं नाही. त्यांना कृष्णवर्णीय कुटुंबांच्या घरी उतरावं लागलं. ह्यूस्टनमध्ये प्रेक्षकांनी शिव्यांचा वर्षाव केला, वस्तू फेकल्या. आणि मार्च १९६३ मध्ये हार्कनेसच्या वसतिगृहाच्या पत्त्यावर कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेची धमकीची पत्रं येऊ लागली. कारण पुढच्या फेरीत लोयोलाची गाठ मिसिसिपी स्टेटशी पडणार होती.

इथं थांबायला हवं, कारण माझ्या मते त्या स्पर्धेतला सर्वांत मोठा सामना अंतिम नव्हताच.

मिसिसिपी स्टेट हा उत्तम संघ होता. कोच बेब मॅकार्थी यांच्या हाताखाली त्यांनी १९५९, १९६१ आणि १९६२ मध्ये आपल्या गटाचं विजेतेपद मिळवलं होतं, आणि तिन्ही वेळा राष्ट्रीय स्पर्धेत जायचा हक्क सोडून घरी बसावं लागलं होतं. का, तर राष्ट्रीय स्पर्धेत कृष्णवर्णीय खेळाडूंशी खेळावं लागेल, आणि मिसिसिपी राज्यातला सरकारी विद्यापीठाचा संघ तसं खेळणार नाही. हाही नियम कायद्याच्या कुठल्याच पुस्तकात नव्हता. पण तो मोडला तर विधिमंडळ विद्यापीठाचं अनुदान रोखेल, हे सगळे जाणून होते. १९६३ मध्ये ते पुन्हा गटविजेते झाले. सहाच महिन्यांपूर्वी, १९६२ च्या शरदात, जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यानं मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश घेतला तेव्हा तिथं दंगल होऊन दोन माणसं मेली होती. गव्हर्नर रॉस बार्नेट या वेळीही संघ पाठवायच्या विरोधात होते.

मिसिसिपी स्टेटचे अध्यक्ष होते डीन कोल्व्हर्ड. (डीन हे त्यांचं नाव, हुद्दा नव्हे.) त्यांनी मार्चच्या सुरुवातीला जाहीर केलं की संघ जाईल. राज्याचे सिनेटर बिली मिट्स आणि त्यांच्या एका सहकाऱ्यानं कोर्टातून मनाई हुकूम मिळवला. हुकूम हातात पडला तरच लागू होणार, म्हणून कोल्व्हर्ड राज्याबाहेर पडले आणि मॅकार्थीसुद्धा रातोरात टेनेसीच्या हद्दीत निघून गेले. खेळाडू मागं राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी आधी राखीव खेळाडूंना विमानतळावर पाठवलं. पोलिस वाट पाहत असतील तर त्यांना अडवतील, मुख्य खेळाडू वाचतील, असा बेत होता. कुणीच अडवलं नाही. संघ स्टार्कव्हिलहून उडाला आणि नॅशव्हिलला कोचना भेटला. विमानानं जमीन सोडेपर्यंत त्यातल्या कुणालाही खात्री नव्हती. एक बास्केटबॉलचा संघ स्वतःच्याच राज्यातून पळून जातो आहे, आणि पळून कुठं, तर खेळायला!

१५ मार्चला मिशिगन राज्यातल्या ईस्ट लान्सिंगला दोन्ही संघ मैदानात उतरले. सुरुवातीच्या जंप बॉलआधी हार्कनेस आणि मिसिसिपी स्टेटचा कर्णधार जो डॅन गोल्ड यांनी मध्यभागी येऊन हात मिळवले. फोटोग्राफरांचे फ्लॅश एवढे उडाले की हे काहीतरी वेगळं चाललंय असं आपल्याला त्या क्षणी उमगलं, असं हार्कनेस पुढं आयुष्यभर सांगत राहिला. मिसिसिपीवाल्यांनी ७-० अशी आघाडी घेतली, मग लोयोला सावरली आणि ६१-५१ अशी जिंकली. सामना स्वच्छ झाला, कुठं बाचाबाची नाही. आणि संघ परत गेला तेव्हा त्याला तुरुंगात वगैरे कुणी टाकलं नाही. गावकऱ्यांनी स्वागत केलं. जो नियम मोडला म्हणून आभाळ कोसळणार होतं, तो मोडल्यावर काहीच झालं नाही.

हार्कनेस आणि गोल्ड पुढं मित्र झाले. २०११ मध्ये गोल्ड वारला तेव्हा हार्कनेस त्याच्या अंत्यविधीला केंटकीत गेला. शवपेटीजवळ कुटुंबीयांनी एक फोटो ठेवला होता. त्याच हस्तांदोलनाचा.

आता लुइव्हिल. सामना झाला त्या इमारतीचं नाव फ्रीडम हॉल. शहरातली हॉटेलं आणि दुकानं सर्व वर्णांच्या लोकांना खुली करणारा ठराव मात्र महानगरपालिकेनं त्यानंतर दोनेक महिन्यांनी, मे १९६३ मध्ये केला. सिनसिनाटीच्या पाचांतही तिघं कृष्णवर्णीय होते: टॉम थॅकर, जॉर्ज विल्सन आणि टोनी येट्स. म्हणजे सुरुवातीला मैदानात उतरलेल्या दहांपैकी सात. तीन वर्षांनी, १९६६ मध्ये, टेक्सस वेस्टर्नचे पाच कृष्णवर्णीय विरुद्ध केंटकीचे पाच गोरे असा अंतिम सामना झाला आणि इतिहासात तोच गाजला. २००६ मध्ये त्यावर हॉलिवुडनं चित्रपटही काढला. पडद्यावर रंगाची सरळ रेघ मारता येते तो सामना लोकांच्या लक्षात राहतो. १९६३ चा सामना तसा सरळ नव्हता, आणि म्हणूनच मला तो जास्त खरा वाटतो.

सुरुवात लोयोलासाठी भयंकर होती. पहिल्या चौदा नेमांपैकी तेरा चुकले. चेंडू कड्यावर गरगरून बाहेर येत होता. हार्कनेस, संघाचा सर्वांत भरवशाचा गुण मिळवणारा, त्याची तर एकही बास्केट होईना. मध्यंतराला सिनसिनाटी २९-२१. दुसऱ्या सत्रात रॉन बॉनहॅमनं कोपऱ्यातून एकामागून एक नेम लावले (त्या रात्री त्यानं २२ गुण केले, दोन्ही संघांत सर्वांत जास्त) आणि आघाडी ४५-३० झाली. पंधरा गुण. तीन गुणांची रेषा नाही, समोर देशातला सर्वांत चिवट बचाव. घरी रेडिओवर ऐकणाऱ्यानं या टप्प्यावर रेडिओ बंद केला असता तर त्याला दोष देता आला नसता.

सिनसिनाटीच्या थॅकर, विल्सन आणि येट्स या तिघांच्या नावावर आता चार-चार फाउल लागले होते. पाचवा झाला की बाहेर. जकर यांनी मग शहाण्यासारखं वाटणारं एक काम केलं: खेळ थंड करा, चेंडू फिरवत राहा, घाईनं नेम नको, फाउल नको. शॉट क्लॉक नसताना हा पूर्ण कायदेशीर उपाय होता. याच उपायानं त्यांनी कित्येक सामने खिशात घातले होते. पण चेंडू फिरवायचा तर चेंडू सांभाळावा लागतो, आणि लोयोलाची पोरं आता मैदानभर अंगावर येऊ लागली. चेंडू बाहेरून आत टाकतानाच अडवायचं, दोघांनी मिळून एकाला कोंडायचं. सुरुवातीला ज्या सोळा वेळा गमावलेल्या चेंडूंचा हिशेब मांडला, त्यांचा अर्थ इथं लागतो. जो संघ बास्केटकडे बघणं सोडून घड्याळाकडे बघू लागतो, त्याचे हात आखडतात. आखडलेल्या हातांना पास सुचत नाहीत.

४५-३० पासून सत्र संपेपर्यंत लोयोलानं २४ गुण केले, सिनसिनाटीनं ९. हार्कनेसची मैदानातून पहिली बास्केट झाली तेव्हा सामन्याची पाच मिनिटंही उरली नव्हती. पस्तीस मिनिटं कोरड्या गेलेल्या कर्णधाराला आयर्लंड यांनी बाहेर बसवलं नाही. बसवून आणणार कुणाला, हाही प्रश्न होताच: हंगामाच्या मध्यावर दोन चांगले खेळाडू परीक्षेतल्या गुणांमुळे अपात्र ठरले होते, आणि तेव्हापासून बाकावर फारसा आधार नव्हता.

बारा सेकंद उरली तेव्हा सिनसिनाटी ५३-५२ अशी पुढं होती. हार्कनेसनं लॅरी शिंगल्टनला फाउल केला. दुसरा पर्यायच नव्हता. शिंगल्टन फ्री थ्रोच्या रेषेवर आला. पहिला गेला. ५४-५२. दुसरा गेला असता तर तीन गुणांची आघाडी, आणि एका बास्केटला तीन गुण मिळायची सोयच नव्हती. सामना तिथंच संपला असता. फ्री थ्रोची रेषा बास्केटच्या फळीपासून पंधरा फुटांवर असते, समोर कुणी अडवायला नसतं, शाळकरी पोर सुद्धा हा नेम शंभरात साठदा लावतं. शिंगल्टनचा चेंडू कड्याला लागून उडाला.

हंटरनं तो वरच्या वर घेतला आणि मिलरकडे फेकला. मिलर धावत सुटला. त्याची पावलं ठरल्यापेक्षा जास्त पडली की काय, हा वाद तेव्हापासून चालू आहे. पंचांची शिट्टी वाजली नाही, एवढं खरं. मिलरनं चेंडू हार्कनेसला दिला आणि अवघी चार-पाच सेकंद उरली असताना हार्कनेसनं तो जाळीत टाकला. ५४-५४.

जादा वेळेबद्दल लोकांचा समज असतो की ती पाच मिनिटं नुसती धुमश्चक्री असते. इथं उलट झालं. दोघांनी चार-चार गुण केले, ५८-५८ झाले, आणि सिनसिनाटीनं पुन्हा आपलं जुनं शस्त्र काढलं: चेंडू धरून ठेवायचा, शेवटच्या सेकंदांत एकच नेम. हिशेब अगदी चोख होता. नेम लागला तर जिंकलो, चुकला तरी आणखी पाच मिनिटं. समोरच्याला संधीच नाही.

सव्वादोन मिनिटं शिल्लक असताना एगननं शिंगल्टनच्या हातातल्या चेंडूला मिठी मारली. दोघंही सोडेनात. पंचांनी शिट्टी दिली: जंप बॉल.

दोन्ही संघांतली ही ठेंगणी माणसं. सहा-सहा फुटांच्या वरचे आठ जण वर्तुळाभोवती कोपरं रोवून उभे, आणि मध्ये हे दोघं गुडघे वाकवून. आजचा नियम असता तर चेंडू कुणाकडे जायचा हे गुणलेखकांच्या टेबलावरचा, पाळी दाखवणारा बाण बघून ठरलं असतं. त्या रात्री ते एका उडीवर ठरलं. एगनची बोटं आधी पोचली. चेंडू मिलरकडे गेला.

आता तोच चोख हिशेब लोयोलाचा झाला. हंगामभर सुसाट पळणाऱ्या या संघानं दोन मिनिटं चेंडू नुसता फिरवत ठेवला. एगन, मिलर, हार्कनेस, परत एगन. सिनसिनाटीनं दोन वर्षं जगाला जे शिकवलं होतं, ते आता त्यांच्याच डोळ्यांदेखत चाललं होतं. शेवटचा नेम हार्कनेसनं घ्यायचा हे ठरलेलं होतं, समोर बॉनहॅम होता. हार्कनेस उडाला, बॉनहॅमचा हात चेंडूला लागला, नेम जमेना. हवेतल्या हवेत हार्कनेसनं चेंडू हंटरकडे सरकवला. हंटरनं फ्री थ्रो रेषेजवळून टाकला. चुकला.

चुकलेला चेंडू हा त्या रात्री लोयोलाचा सर्वांत जुना ओळखीचा माणूस होता. साठ वेळा तो त्यांच्या नेमांतून बाहेर आला होता, हा एकसष्टावा. राऊज उजवीकडून आत आला, दोन्ही हातांनी चेंडू वर घेतला आणि तसाच फळीला लावून आत टाकला. घड्याळात एक सेकंद होता.

या सामन्याच्या तक्त्यात आणखी एक गोष्ट आहे, जी मला पहिल्या वाचनात दिसलीच नव्हती. लोयोलाच्या बाजूला पाचच नावं आहेत. बदली खेळाडू आलाच नाही. चाळीस मिनिटं आणि वरची पाच, तेच पाच जण. हंटर १६, राऊज १५, हार्कनेस १४, एगन ९, मिलर ६. बेरीज करून पाहा, साठ भरते.